साक्षीदाराचं नाव

मुरुमबोडी, ता. धानोरा
१८ नोव्हेंबर १९९५

गोविंदा भाऊ,

पाच दिवाळ्या झाल्या, तू भाऊबिजेला आला नाहीस आणि मीही बोलावलं नाही. भद्रावतीला तुझ्या क्वार्टरच्या दारात उभी राहून मी काय बोलले ते मला पाठ आहे. ‘फौजेत तूच नेलं ह्यायले, अन् मोडून मलेच आणून देल्लं.’ वहिनी आतून ऐकत होत्या. ते बोलणं मी आज परत घेते. गरज पडली म्हणून घेते असं तुला वाटलं, तर तसंही समज.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुझं नाव काढलं की ते उठून तलावाकडे जातात.

मिरगी वाढली आहे. आधी महिन्यातून एकदा यायची, आता आठवड्याला येते. मागच्या महिन्यात डोंग्यात बसून जाळं टाकत होते तेव्हा आली. पाणी कमरेएवढंच होतं म्हणून वाचले. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवून डोक्याचा फोटो काढवला. म्हणाले, आत जुना मार आहे, हाडाची बारीक कपची दिसते, जन्मापासूनचा आजार असा नसतो.

फौजेच्या कागदात मात्र उलटं आहे. ‘हा आजार सैनिकी सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही.’ त्या एका ओळीपायी ह्यांना पेन्शन नाही, फौजेच्या दवाखान्यात जागा नाही. सैनिक कल्याण कार्यालयात एक म्हातारे सुभेदार बसतात. त्यांनी सगळे कागद वाचले आणि म्हणाले, ‘बाई, अपील करता येते. पण मार ड्युटीवर लागला हे सांगणारा त्याच तुकडीतला माणूस आणा.’

तो माणूस तू आहेस. एकदा तापात हे बडबडले होते. श्रीलंकेत सुरुंग फुटला आणि गोविंदानं मला ओढून काढलं, असं. शुद्धीवर आल्यावर विचारलं, तर म्हणाले, ‘मी असं काई बोललोच नाई.’ पण मी कानांनी ऐकलं आहे.

एक शपथपत्र करून दे. एवढंच मागते.

तुझी
पारबता


९ जानेवारी १९९६

गोविंदा भाऊ,

रजिस्टरची पोच आली. तिच्यावर तुझी सही आहे, म्हणजे पत्र तुला मिळालं. उत्तर आलं नाही.

तुला वेळ नसेल असं मी मनाशी धरते. फॅक्टरीच्या फाटकावर तीन पाळ्या असतात हे मला ठाऊक आहे.

इकडे एक नवीन सुरू झालं आहे. हे घरातून निघताना हातात लोखंडी सळई घेतात. पायवाटेवर दर दोन पावलांना वाकून सळई तिरपी मातीत घालतात, थांबतात, मग पुढे जातात. घरापासून तलाव हाकेच्या अंतरावर आहे, तिथे पोचायला ह्यांना अर्धी सकाळ लागते. तपासून झालेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याचे ठिपके देतात. रिंकूला शाळेत जाताना त्या ठिपक्यांच्या आतून चालायला लावतात. पोरगी आठ वर्षांची, ती चालते. बाकीची पोरं हसतात.

मी अंगणवाडीत शिकवते, दिवसभर बायका येतात. कोणी विचारलं की सांगते, शेतात साप फार झाले म्हणून सळई.

माझा डावा हात बांधलेला आहे. घसरून पडले.

सुभेदारांनी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिलं आहे. ह्यांच्या अपघाताची तेव्हा चौकशी झाली असेल, तिची नक्कल मागवली आहे. ती आली की तुझं काम सोपं होईल. तुला फक्त ‘होय, असंच झालं’ म्हणायचं राहील.

पारबता


७ एप्रिल १९९६

गोविंदा भाऊ,

हे पत्र मदतीसाठी नाही. मला कोणाला तरी सांगायचं आहे, आणि ह्या कामातलं कळणारा माणूस माझ्या ओळखीत तूच आहेस.

मोहफुलांचे दिवस आहेत. शेजारच्या टोल्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, मंगरू गोंड बायकोला, सोमारीला, घेऊन बैलगाडीनं मोह वेचायला निघाला होता. ह्यांनाही गाडीत घेतलं. मंगरू ह्यांना हसत नाही. तो म्हणतो, फौजीला जमिनीचं कळते. मोठ्या रस्त्याखालून पाणी जातं त्या मोरीजवळ गाडी आली आणि ह्यांनी खाली उडी मारून बैलांची वेसण धरली.

‘समोर जाऊ नोको मंगरू. इथची माती उकरली हाये.’

मंगरू म्हणाला, ‘रानडुकरानं उकरली असंल.’

‘डुक्कर उकरून पुन्हा बसवत नाई.’

ते पालथे पडले आणि बोटांनी पाचोळा बाजूला करत गेले. मंगरू सांगतो, तेव्हा त्यांचे हात जराही थरथरत नव्हते. मातीतून वायर निघाली. रस्ता ओलांडून झुडपात गेलेली होती.

जंगलात बंदुका घेऊन फिरणारे लोक, ज्यांना इथे दादालोक म्हणतात, त्यांनी पोलिसांच्या जीपसाठी पुरलं होतं ते. ह्यांनी हात लावला नाही. पोलीस पाटलाला सांगितलं आणि घरी येऊन जेवले. किती वर्षांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी जीप आली आणि ह्यांनाच घेऊन गेली. ठाण्यात एकच सवाल, ‘तू नाही पुरलंस तर तुला दिसलं कसं?’ ह्यांनी फौजेचं सांगितलं. साहेबांनी डिस्चार्जचं पुस्तक मागवलं. त्यात मिरगी लिहिली आहे, जन्मजात. सुरुंगाचा, श्रीलंकेचा, माराचा एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी ठाण्यातच झटका आला, तेव्हा घाबरून सोडलं. सुटताना साहेब मला म्हणाले, ‘तुमचा माणूस खरंच जखमी सैनिक असेल तर तसा कागद आणा. नाहीतर पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही.’

आता कागद पेन्शनसाठी नको आहे, भाऊ.

आणि माझा हात घसरून मोडला नव्हता. ट्रकचा टायर फुटला तेव्हा ह्यांनी मला धरून जमिनीवर आपटलं आणि माझ्या अंगावर पडून राहिले. मला झाकत होते. मनगटाचं हाड गेलं. रिंकूला मी शप्पथ घातली आहे, कोणाला सांगायचं नाही म्हणून.

पारबता


२६ मे १९९६

गोविंदा,

चौकशीची नक्कल आली.

सुभेदारांनी ती माझ्यासमोर उघडली. इंग्रजीत होती, त्यांनी मराठी करून सांगितलं. शिपाई लहानू शेंडे हा ऑक्टोबर १९८७ मध्ये आंघोळीला जाताना विहिरीच्या पायरीवरून पडला. डोक्याला मार लागला. त्या वेळी तो ड्युटीवर नव्हता. खाली साक्षीदाराचं नाव. नायक गोविंदा मांढरे. तुझी सही मी ओळखते. माझ्या सातवीच्या निकालपत्रावर बाबांच्या जागी तूच केली होतीस.

सुभेदारांनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘हे तुमचे कोण?’ मी म्हटलं, ‘गाववाले.’

घरी येऊन ह्यांच्यासमोर कागद ठेवला. जाळं विणत होते. कागदाकडे पाहिलंही नाही.

‘तुमाले मालूम होतं?’

‘हो.’

‘मंग काऊन नाई सांगतलं?’

त्यांनी गाठ मारून सुई बाजूला ठेवली. मग त्यांनी सांगितलं. सुरुंग शोधायचं मशीन त्या दिवशी बंद पडलं होतं. वर कळवायला हवं होतं. तू दमला होतास, तीन दिवस झोप नव्हती. ‘रस्ता साफ आहे’ असं तू साहेबांना सांगून टाकलंस आणि वायरचं बंडल देऊन ह्यांना समोर पाठवलंस. ह्यांनी तुला विचारलं होतं, ‘पाह्यलं ना?’ तू ‘हो’ म्हणालास. दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा तू खाटेशी बसून रडत होतास, आणि विहिरीची गोष्ट तयार होती.

‘खरं निघालं असतं तर त्याले जेल होती,’ हे म्हणाले. ‘तीन पोरी त्याच्या. मले काय, डोकंच दुखत होतं तवा. हे असं वाढन, हे कोणाले मालूम होतं.’

मी पाच वर्षं समजत होते की माझ्या बोलण्यामुळे तू तोडलंस.

अजून ऐक. परवा भर दुपारी, गावात चिटपाखरू नव्हतं तेव्हा, तिघे जण आले. दोन पुरुष, एक बाई. ओसरीवर बसले, पाणी मागितलं. बंदुका भिंतीला टेकवून ठेवल्या, जशा आपण छत्र्या ठेवतो. बाई रिंकूएवढ्याच पोरींच्या वेण्या घालत असेल असं तोंड होतं तिचं. ती म्हणाली, ‘कुठी हाये फौजी?’

हे आतून आले. तिनं बराच वेळ ह्यांच्या हातांकडे पाहिलं.

‘आमचं तुमी काढून देल्लं. गुस्सा नाई. शिकले कुठी, तेवढं सांगा.’

मी मध्ये पडले. म्हटलं, ‘त्यायले मिरगी हाये. डोकं जाग्यावर नाई. अंदाजानं सापडलं.’

ती हसली. ‘अंदाजानं नाई सापडत, बाई.’ पाणी पिऊन तांब्या पालथा ठेवला आणि ‘येऊ पुन्हा’ म्हणून गेले. कधी, ते सांगितलं नाही.

पारबता


३० जून १९९६

गोविंदा भाऊ,

तुझं पत्र मिळालं. पाच-सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं.

तू लिहितोस की सुरुंग फुटला एवढं शपथेवर लिहून देतो. मशीनचं आणि ‘रस्ता साफ’चं लिहायला लावू नकोस. नोकरी जाईल, धाकटीचं लग्न ठरलं आहे.

मी तुझं पत्र घेऊन सुभेदारांकडे गेले. ह्यांचंही म्हणणं होतं की अर्धं तर अर्धं, घेऊन टाक. सुभेदार म्हणाले, ‘एकाच माणसाची दोन बयानं. आधी म्हणतो विहीर, आता म्हणतो सुरुंग. अपिलाचं बोर्ड विचारेल, तेव्हा खोटं का बोललास? त्याचं उत्तर नसेल तर दुसरं बयान रद्दी आहे.’

म्हणजे अर्ध्याचा उपयोग नाही. मी ठरवून असं करत नाही आहे, भाऊ. ते तसंच आहे.

ते लोक पुन्हा येऊन गेले. या वेळी बसले नाहीत. कुंपणाबाहेरून विचारलं, ‘हात थरथरते का अजून?’ ह्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. थरथरत होते. ते गेले. मी मनात म्हटलं, असेच थरथरू देत.

असं मी म्हणाले. त्यांची बायको आहे मी.

बोर्ड नोव्हेंबरात आहे. तारीख सोबतच्या चिठ्ठीत आहे. येशील की नाही ते कळवू नकोस. तू नाही म्हणालास तर तोवरचे दिवस मला काढता येणार नाहीत.

पारबता


२४ फेब्रुवारी १९९७

गोविंदा भाऊ,

त्या दिवशी बोर्डातून तू चहा न घेता निघून गेलास. हे तुला फाटकापर्यंत हाका मारत होते. तू वळला नाहीस, म्हणून तेव्हा सांगायचं राहिलं ते आता लिहिते.

तू त्या तीन साहेबांसमोर सरळ उभा राहून बोललास, ‘मशीन बंद होतं. रस्ता तपासला असं मी खोटं सांगितलं. लहानूला मीच समोर पाठवलं. नंतरचं बयानही खोटं होतं, ते मी जेलच्या भीतीनं दिलं.’ मधले साहेब म्हणाले, ‘नऊ वर्षं कुठे होतात?’ हे माझ्या शेजारी बसून रडत होते. मी ह्यांना त्याआधी रडताना पाहिलेलं नाही. बाहेर येऊन म्हणाले, ‘आता गोविंदाले नीट झोप येईल.’ स्वतःच्या कागदाचं एक शब्दानं बोलले नाहीत. तुझ्या नोकरीचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस. मी विचारायला भिते.

कागद या महिन्याच्या तेरा तारखेला आला. ‘डोक्याची जखम व त्यामुळे आलेली मिरगी सैनिकी सेवेमुळे उद्भवलेली आहे. सुरुंग निकामी करण्याच्या कामावर असताना.’ पोस्टमननं चावडीवर मोठ्यानं वाचला. लोकांनी ह्यांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. जे हसत होते, तेही आले. फौजी येडा नव्हता, सुरुंगवाला होता, सरकारनं लिहून देल्लं, असं बाजारापर्यंत गेलं.

बाजारापर्यंत गेलं म्हणजे जंगलातही गेलं. ते माझ्या ध्यानात आलं नाही. इतकी वर्षं मी त्या ओळीसाठी धावले, आणि ती कोणाकोणाला वाचता येईल याचा विचार केला नाही.

वीस तारखेला दुपारी ते आले. सहा जण होते. त्या बाईनं कागद मागितला, स्वतः वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला.

‘आता तं अंदाज म्हणू नोका.’

हे उठले. सदरा घातला. मी सळई आणून देऊ लागले तर नको म्हणाले. रिंकू शाळेत होती. तिची वाट पाहू द्या म्हटलं, तर ती बाई म्हणाली, ‘तिनं नाई पाह्यलं तंच बरं.’ तलावाच्या पाळीवरून ते गेले, मधोमध हे. एकदाही वाकले नाहीत, सरळ चालत गेले.

आज चौथा दिवस. ठाण्यात कळवलं. साहेबांनी कागद पाहिला, तोच जो त्यांनीच मागितला होता. म्हणाले, ‘म्हणजे ह्याला खरंच येतं तर.’ आणि ह्यांचं नाव कुठल्याशा यादीत लिहून घेतलं.

भाऊ, ते असं काही करणार नाहीत, हे तू एकदा येऊन ठाण्यात सांगशील का?

पारबता


गडचिरोली
२३ मार्च १९९७

गोविंदा भाऊ,

तू येऊन गेलास हे ठाण्यातून कळलं. मला न भेटता गेलास, तरी आलास.

हे परत आले आहेत. बारा तारखेला मंगरूला जंगलाच्या कडेला मोहाखाली पडलेले दिसले. त्यानं गाडीत घालून आणलं. वीस दिवसांत अकरा झटके आले, मग त्या लोकांनीच आणून सोडलं. ‘हा मानूस बिमार हाये, कामाचा नाई,’ म्हणाले. फौजेला जे पटायला सात वर्षं लागली, ते त्यांना वीस दिवसांत पटलं.

पण सोडण्याआधी एक काम करून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला सांगितलं. रस्त्याच्या तिसऱ्या मैलाजवळच्या मोरीत सुरुंग. पाठीशी बंदूक होती. हात थरथरत होते म्हणून दोनदा अर्ध्यावर सोडलं, तिसऱ्यांदा बसलं. हे म्हणाले, ‘मले नेऊन दे, मी काढतो.’ भाजीची फोड हातात धरवत नाही त्यांना. आणि त्या रस्त्यानं रोज एसटी जाते.

चौदा तारखेला सकाळी मी एकटी ठाण्यात गेले. मोरी सांगितली. साहेबांनी विचारलं, ‘कोणी सांगितलं?’

ह्यांचं नाव यादीत होतं. ह्यांनीच पुरलं असं सांगितलं असतं तर ह्यांना तिथून कधी बाहेर काढता आलं असतं? तेवढ्यात मला एकच नाव सुचलं, कारण त्या बाजूनं गाडी घेऊन तोच आला होता. मी म्हटलं, ‘मंगरूनं पाहिलं. त्यानं मला सांगितलं.’ त्यांनी लिहिलं. मी सही केली. अंगणवाडीच्या रजिस्टरवर करते तशी, पूर्ण नाव.

दुपारपर्यंत मोरी साफ झाली. कोणी मेलं नाही. आम्हाला जीपमध्ये घालून इथे आणलं, म्हणाले गावात राहू नका. डोंगा, जाळी, सगळं मंगरूकडे ठेवायला दिलं. त्यानं विचारलं नाही काऊन जाता म्हणून. ह्यांना दोघांनी मिळून जीपमध्ये चढवलं, त्यानं आणि मी.

पंधरा तारखेला मंगरूला ठाण्यात नेलं, दोन दिवस ठेवून सोडलं. अठराला तो बाजारातून येत होता, वाटेत जंगलातल्या दोघांनी त्याला हाक मारली. तेव्हापासून तो घरी आलेला नाही.

आज सोमारी मला शोधत इथवर आली. चौतीस मैल, थोडी एसटीनं, बाकीची पायी. तिनं विचारलं, ‘बाई, माह्या मानसानं काय पाह्यलं व्हतं? लोक म्हनते त्यानं काईतरी पाह्यलं. मले तं काई बोल्ला नाई.’

मी तिला भात वाढला.

उद्या दुपारच्या गाडीनं हे आणि रिंकू भद्रावतीला उतरतील. गाडीत एक ओळखीची नर्स आहे, ती तुझ्या दारापर्यंत सोबत देईल. ह्यांची गोळी सकाळ-संध्याकाळ, चुकवायची नाही. टायर फुटला, फटाका वाजला तर जवळ जाऊ नका, नावानं हाक मारा, तुझा आवाज ते ओळखतात. रिंकूचा शाळेचा दाखला पिशवीत आहे.

मी उलट दिशेच्या गाडीनं जाते आहे. आधी ठाण्यात, मग बाजारात. मंगळवारच्या बाजाराला सगळे असतात, जंगलातले लोकही असतात. मंगरूनं काही पाहिलं नाही, माझ्या नवऱ्यानं सांगितलं आणि खबर मी दिली, हे मी तिथे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलणार आहे. तो जिवंत असेल तर त्याचा उपयोग होईल. ह्यांना कदाचित पुन्हा पकडतील. तेव्हा तू त्यांच्याजवळ अस, आणि बोर्डात बोललास तसं बोल.

तुला नऊ वर्षं लागली म्हणून मी तुला मनात काय काय म्हटलं, ते लिहीत नाही. मी सही केली त्याला आज नववा दिवस आहे. या नऊ दिवसांत रोज सकाळी मला वाटलं की मंगरू आपोआप सुटून येईल आणि मला बोलायची वेळ येणार नाही.

सोमारी समोर बसली आहे. ताट धुऊन पालथं ठेवलं तिनं. पत्र कोणाला लिहिता म्हणून विचारते आहे. हे रिंकूच्या पिशवीत ठेवते, मग तिला सांगते.

पारबता